तीनदा बेल दिली होती

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या नावामागे कैलासवासी लावायचंसुद्धा लोक विसरायला लागलेत, आणि मी मात्र अजून भांडी घासताना तुमच्याशी भांडते. गेल्या आठवड्यात सौदीतल्या खोबरच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. तुमच्यावर स्मृतिग्रंथ काढतायत म्हणे. शिक्षक ते राज्यपाल असा सगळा प्रवास, फोटो, भाषणं, थोरामोठ्यांच्या आठवणी. "मॅडम, तुम्ही सरांच्या विद्यार्थिनी आणि सहकारीसुद्धा. दोन पानं तुमची हवीतच." माझं नाव कुणी सुचवलं विचारलं तर म्हणाला, "तुमच्या मुलीनं." दोन पानं गौरवाची लिहायची होती, आणि पेन हातात घेतल्याबरोबर हे असं सुरू झालं. हे काही मी त्याला पाठवणार नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी तुमच्याबद्दल बोलत नाहीये, तुमच्याशी बोलतेय.

रत्नागिरीच्या कॉलेजात तुम्ही आम्हाला फिजिक्स शिकवायचात. खोटं कशाला बोलू, तुमच्यासारखं शिकवणारं माणूस मी नंतर पाहिलं नाही. हातात पुस्तक नाही, कागद नाही. खिडकीबाहेर बघत तुम्ही बोलत राहायचात, आणि वाक्य कितीही लांबलं तरी शेवट बरोब्बर जागेवर येऊन पडायचा. तुमच्या त्या वाक्यांचा तुम्हाला फार अभिमान. एकदा तास संपल्याची घंटा झाली, पुढच्या तासाचे सर येऊन दाराशी उभे राहिले, तरी तुमचं चालूच. मी पहिल्या बाकावरून हळूच म्हटलं, "सर, घंटा झाली." तुम्ही वाक्य संपवलंत, मग माझ्याकडे बघून म्हणालात, "घंटा शिपायाची आहे. वाक्य माझं आहे." वर्ग हसला, मीही हसले, आणि घरी जाऊन आईला हे कौतुकानं सांगितलं. त्या वयात काय कळतं? माणूस मोठा वाटला की त्याचा आडमुठेपणासुद्धा हुशारीच वाटतो.

लग्न होऊन मी खोबरला आले. हे एका कंपनीत इंजिनिअर. कॉर्निशपासून, म्हणजे तिथल्या समुद्रकाठच्या रस्त्यापासून, जवळच फ्लॅट होता. मुलगी शाळेत जायला लागली तशी मीही त्याच भारतीय शाळेत केमिस्ट्री शिकवायला लागले. आम्ही बहुतेक शिक्षिका नवऱ्याच्या इकाम्यावर, म्हणजे त्याच्या राहण्याच्या परवान्यावर, राहणाऱ्या. रोज सकाळी अबाया चढवून शाळेत जायचं, शिकवायचं, पेपर तपासायचे, आणि कागदोपत्री आपण घरी बसलेल्या गृहिणी. मुलगी नववीत असताना शाळेला नवे प्रिन्सिपॉल आले, आणि ते तुम्ही निघालात. पालकसभेच्या दिवशी आम्ही दोघं भेटायला आलो. तुम्ही मला ओळखलंत. टेबलाच्या खणातून रंगीत खडूंचा डबा काढून माझ्या हातात दिलात. "रत्नागिरीहून आणलेत. इथले खडू फळ्यावर उठत नाहीत." सर, तो डबा मी किती दिवस उघडला नव्हता. तुम्ही दिलेला म्हणून.

मुलांची इमारत वेगळी, मुलींची वेगळी, मध्ये उंच भिंत. मुलींची शाळा म्हणजे भाड्यानं घेतलेला एक जुना व्हिला. मुली आत असताना पुरुषानं तिथं पाऊल टाकायचं नाही, मग तो प्रिन्सिपॉल का असेना. तुम्ही आमचा कारभार बघायचात तो भिंतीपलीकडून, वर्गावर्गात बसवलेल्या स्पीकरच्या पेट्यांतून. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, असं आम्ही शिक्षिका आपसात म्हणायचो. दहावीनंतर मुलींना विज्ञान नव्हतं. कॉमर्स घ्या नाहीतर भारतात जा. माझ्या लेकीला विज्ञानच हवं होतं आणि मला लेक जवळ हवी होती, म्हणून मी फोनवरून तुमचा पिच्छा पुरवला. तुम्ही म्हणालात, प्रयोगशाळा कुठे आहे? मी म्हटलं, व्हिल्याचं स्वयंपाकघर रिकामं आहे. ओटा आहे, नळ आहे, धूर बाहेर टाकायला पंखा आहे, आणखी काय लागतं. तुम्ही म्हणालात, फिजिक्स शिकवायला बाई कुठे आहे? बाई नव्हतीच. शेवटी तुम्हीच म्हणालात, "मी शिकवतो. पेटीतून."

ते दिवस चांगले होते. हे लिहिताना दात-ओठ खातेय, पण होते. तुम्ही तुमच्या खोलीत माईकसमोर बसून बोलायचात, आणि इकडे स्वयंपाकघरात मी तुमच्याच खडूंनी फळ्यावर आकृत्या काढायचे. वर्ग तुम्हाला दिसत नव्हता, मला दिसत होता. मग आपण युक्ती काढली. व्हिल्यात नोकरांना बोलवायची जुनी बेल होती, तिचं बटण ओट्यापाशी आणि घंटी तुमच्या खोलीत, असं एका मल्याळी वायरमनकडून तुम्हीच करून घेतलंत. एकदा दाबलं की मुलींना समजलं, पुढे चला. दोनदा म्हणजे चेहरे कोरे आहेत, पुन्हा सांगा. आणि तीनदा म्हणजे कुणीतरी आलंय, तिथल्या तिथे गप्प व्हा. कारण ह्या सगळ्याला शिक्षण खात्याची परवानगी नव्हती. मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "अर्ज केला तर नाही म्हणतील. आधी निकाल दाखवू, मग परवानगी मागू." मला ते पटलं. मुलींना तर तुमचा आवाज इतका आवडायचा की तास संपला तरी त्या पेटीकडे बघत बसायच्या. माझी लेक जेवतानासुद्धा तुमच्यासारखी बोलायला लागली होती.

त्या दिवशीचा दुसरा तास. लेक पहिल्या बाकावर. मी फळ्यावर दोन समांतर तारांची आकृती काढतेय आणि पेटीतून तुमचं इंग्रजी खणखणीत येतंय. तेवढ्यात बाहेरच्या फरशीवर टाचा वाजतात. आमच्यापैकी कुणी तशा चपला घालत नाही. दाराच्या फटीतून बघते तर हातात फाइल घेतलेल्या एक अनोळखी बाई, आणि मागे आमची सुपरवायझर, तोंड पांढरंफटक पडलेलं. शिक्षण खात्याच्या तपासणीस बाई. मी बटण दाबते. तीनदा, नीट, सुटं सुटं. तुम्ही सांगत होतात की प्रवाहाला दोन वाटा मिळाल्या तर जिथे विरोध कमी तिकडून तो जास्त जातो. इथे थांबायचं होतं, सर. कुणीही थांबलं असतं. पण तुमचं वाक्य अर्ध्यावर होतं ना. तुम्ही पुढे गेलात, पण म्हणून दुसऱ्या वाटेनं काहीच जात नाही असं नव्हे, आणि नेमकी हीच गोष्ट विद्यार्थी परीक्षेत विसरतात. आला शेवटचा शब्द जागेवर. तोवर त्या बाई स्वयंपाकघरात येऊन पेटीकडे बघत उभ्या होत्या.

त्यांनी मुलींना व्हरांड्यात नेलं आणि मला तिथंच थांबायची खूण केली. मी एकटी ओट्याला टेकून उभी. पेटीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तुम्ही वाक्य संपवलं होतंत, पण माईक बंद करायला विसरला होतात. खात्याचे पुरुष अधिकारी एव्हाना तुमच्याकडे पोचले होते. अरबीत काहीतरी जोरात बोलणं झालं, मग आपले अरबी शिकवणारे हैदराबादी सर दुभाषा म्हणून म्हणाले, "जनाब, ये पूछ रहे हैं, लड़कियों की क्लास में मर्द की आवाज़ किसकी थी? किसने इजाज़त दी?" मला वाटलं, आता तुम्ही एक मोठं, छान वाक्य बोलाल. तुम्ही म्हणालात, "मैं तो सिर्फ सूचना देता हूँ. उधर मैं जा नहीं सकता, तो उधर क्या चलता है मुझे कैसे दिखेगा? वो सब मॅडम देखती हैं. लाइन भी उन्होंने ही जोड़ी होगी." मग कुणीतरी चहा मागवला. आणि मग टक् करून पेटी बंद झाली. म्हणजे तेव्हा तुमच्या लक्षात आलं. मी ऐकलंय हे तुम्हाला त्या दिवसापासून माहीत होतं, सर. ह्याबद्दल मला कधी शंका नव्हती.

चोर सोडून संन्याशाला फाशी. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरचा फोन आला की येऊ नका. मला काढल्याचा कागदसुद्धा निघाला नाही, कारण मी कागदावर नव्हतेच. मी ह्यांना म्हटलं, मी जाऊन खरं सांगते. हे म्हणाले, "कुणाला सांगणार? तू इथे नोकरी करतच नव्हतीस, कळतंय का? प्रकरण माझ्या कफीलपर्यंत, कंपनीच्या मालकापर्यंत, गेलं तर आपण तिघंही विमानात." दगडाखाली हात होता, मी गप्प बसले. शाळेत मात्र बोभाटा झाला की मॅडमनी परस्पर उद्योग केले, आणि वर बेलसुद्धा वेळेवर दिली नाही. बेल उशिरा आली, हे वाक्य तुमच्या खोलीतून बाहेर पडलं होतं. तुमच्याशिवाय ती घंटी ऐकणारं दुसरं होतं कोण?

मुलींचं विज्ञान बंद झालं. ज्यांना शक्य होतं त्यांनी पोरींना भारतात पाठवलं. माझी कोल्हापूरला नणंदेकडे गेली. दम्मामच्या विमानतळावर ती पाठीवरची बॅग पोटाशी धरून उभी होती. मी खाऊचा डबा दिला तो घेतला नाही. म्हणाली, "आई, तू बेल वेळेवर दिली असतीस तर मला जावं लागलं नसतं." आणि वळून आत गेली. माझ्या तोंडावर आलं होतं, की दिली होती, बाळा. पण पोर त्या कोऱ्या फळ्यासमोरून उठून चालली होती, आणि बरोबर नेण्यासारखं तिच्यापाशी तुमच्या आवाजाशिवाय काही नव्हतं. तो कसा काढून घ्यायचा? सुट्टीत ती यायची ती पाहुण्यासारखी. आपल्याच घरात फ्रिज उघडायच्या आधी विचारायला लागली. तुम्हाला मूलबाळ होतं, सर, म्हणून सांगते. पोरीनं फ्रिज उघडताना विचारलं की काय होतं ते आईला विचारा.

आणि तुम्ही? तुम्ही पुढच्या वर्षी भारतात परत गेलात, आणि तिथे पोचल्यावर तुम्हाला कंठ फुटला. मुलाखतींवर मुलाखती. वाळवंटात, भिंतीपलीकडून मुलींना विज्ञान शिकवणारा प्राचार्य. जे काम आपण केलंच नाही असं खुर्ची वाचवायला सांगितलंत, त्याच कामाच्या जोरावर आधी दिल्लीच्या कसल्याशा समितीवर गेलात आणि तिथून एका केंद्रशासित प्रदेशाचे उपराज्यपाल झालात, लोकांच्या तोंडी राज्यपालच. करून सवरून नामानिराळे राहणारे मी पुष्कळ पाहिलेत. पण नामानिराळं राहून पुन्हा त्याच कामाचे हार गळ्यात घालून घेणारे तुम्ही एकटेच. तुमचा शपथविधी टीव्हीवर दाखवत होते. हे कौतुकानं म्हणाले, "अगं, सर बघ तुझे." मी उठून पोळ्या लाटायला गेले. त्या दिवशी पोळ्या इतक्या पातळ झाल्या की तव्यावरून उचलवेनात. तुमच्या गोष्टीत मी असायचेच असं नाही. असले तर एवढीच, की पलीकडे एक बाई बेल द्यायच्या. नंतर पेपरात वाचलं की तुम्ही तिथल्या शाळांना अचानक भेटी देता, थेट वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसता. मी हसले. आता कसं सगळं दिसायला लागलं.

मग तुम्ही मुलाकडे दम्मामला आलात. राज्यपाल आलेत म्हटल्यावर आपल्या मराठी मंडळींना काय, हर्षवायूच झाला. एका रहिवासी कंपाउंडच्या हॉलमध्ये सत्कार ठरला. मुलांच्या वक्तृत्व स्पर्धेचं बक्षीस तुमच्या हस्ते, म्हणून स्पर्धेची वेळ सांभाळायला मला टेबलाशी बसवलं होतं. पुढ्यात बेल. मी मागून घेतलं होतं ते काम, उगाच नाही. तुम्ही भाषणाला उभे राहिलात आणि अपेक्षेप्रमाणे पेटीच्या गोष्टीवर आलात. "त्या मुलींचे चेहरे मला दिसत नव्हते, पण त्यांच्या शांततेवरून मी ओळखायचो की," इथवर आलात, आणि मी बेल वाजवली. तीनदा. सुटी सुटी.

तुम्ही थांबलात. इतक्या वर्षांत तुमचं वाक्य अर्ध्यावर लोंबकळताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि सांगते, पहिल्या पगाराच्या दिवशीसुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता. तुम्ही टेबलाकडे बघितलंत. माझ्याकडे बघितलंत. मंडळाचे अध्यक्ष लगबगीनं येऊन माझ्या कानाशी म्हणाले, "अहो वहिनी, राज्यपालांना कसली बेल देताय?" मी म्हटलं, "वेळेचा नियम सगळ्यांना." तुम्ही काहीतरी हसून सावरून घेतलंत, पण ते वाक्य काही पुरं केलं नाहीत. लोकांना वाटलं, सर थकले.

चहाच्या वेळी तुम्ही कपबशी घेऊन माझ्याशेजारी आलात. "तेव्हा शाळा वाचवायची होती," तुम्ही हळूच म्हणालात. "माझं नाव आलं असतं तर परवाना गेला असता. सगळी मुलं रस्त्यावर आली असती."

"मला विचारलं असतंत तर मी होऊन माझं नाव पुढे केलं असतं," मी म्हटलं. आणि केलं असतं, सर. शपथेवर सांगते. हेच तर इतकी वर्षं खुपतंय.

"विचारायला वेळ कुठे होता?"

"वाक्य संपवायला होता."

तुम्ही कप तसाच ठेवलात आणि मुलाला हाक मारलीत. त्यानंतर फार दिवस गेले नाहीत, तुम्ही गेल्याची बातमी आली. मला वाईट वाटलं नाही. राग आला. माझी आत्ता कुठे सुरुवात झाली होती, आणि तुम्ही नेहमीसारखं भिंतीपलीकडे.

आता आम्ही पुण्यात असतो. लेकही इथेच आहे. फिजिक्स शिकवते, कॉलेजात. चांगली शिकवते म्हणतात. तिच्या घरी तुमचा विषय निघाला की बेलचा किस्सा निघतोच. "आमच्या आईनं बेल उशिरा दिली आणि एका राज्यपालांची नोकरी जाता जाता राहिली," असं ती सांगते, जावई हसतात, नात हसते, मी भाजी वाढते. काल दुपारी तिचा फोन आला. "आई, सरांवर लिहिलंस का?" मी म्हटलं, अजून नाही. "बेलचा किस्सा घाल ना. वाचणाऱ्यांना मजा येईल."

काय झालं कुणास ठाऊक. बोलून गेले. "बेल वेळेवर दिली होती मी. तीनदा. सर थांबले नाहीत."

पलीकडे तिनं दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "माहितेय."

"काय माहितेय?"

"पहिल्या बाकावर होते ना मी. तुझा हात बटणावर दिसत होता मला. आधीच दाबलं होतंस तू."

"मग विमानतळावर तसं का म्हणालीस?"

"कुणावर तरी रागवायचं होतं, आई. सर दिसायचे कुठे? तू समोर होतीस."

खरं म्हणजे आता तुमच्यावरचा राग थोडा उतरायला हवा. माझ्या पोरीला तुम्ही माझ्याविरुद्ध फितवलंत, हे मी सगळ्यात जास्त मनात धरलं होतं, आणि ती तर तुमच्या थापेला कधी फसलीच नव्हती. माहीत असून बोलली, आणि माहीत असून इतकी वर्षं हसत राहिली. पण तिच्यावर रागावणं मला जमत नाही. पोटची पोर आहे. तिला मी एवढंच विचारलं, जेवलीस का, आणि फोन ठेवला. ग्रंथासाठी दोन पानं लिहायची तर ती उद्या लिहीन, शिस्तप्रिय होते वगैरे. आज मात्र तिच्या वाटणीचा रागसुद्धा तुमच्यावरच काढलाय, सर. हे वरचं सगळं त्या फोननंतर लिहिलेलं आहे.